चुनखडीचा चुना कसा होतो: शेतातील खड्यापासून भिंतीच्या गिलाव्यापर्यंत

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या या खडकात कॅल्शियम कमी नाही. ऑक्साइडच्या हिशेबाने ते दहा टक्क्यांच्या आसपास भरते. तरीही हा दगड कितीही तापवला तरी त्याचा चुना होत नाही, कारण त्यातील कॅल्शियम सिलिकेच्या रचनेत घट्ट गुंतलेले असते. चुना करायचा तर कॅल्शियम कार्बोनेट लागते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा खडक म्हणजेच चुनखडी. असे असूनही परभणी, जालना, बीड या जिल्ह्यांत विहीर खणताना किंवा खोल नांगरट करताना काळ्या मातीखालून पांढुरके, वेडेवाकडे, बोराएवढ्यापासून मुठीएवढे खडे निघतात. ते याच बेसाल्टची देणगी आहेत. पावसाचे पाणी मातीत मुरताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, झिजलेल्या खडकातील कॅल्शियम विरघळवून खाली नेते आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत ते पाणी उडून गेले की कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. हजारो वर्षे हे चालत राहिले की खडे तयार होतात. बांधकामाच्या व्यवहारात त्यांना कंकर म्हणतात. शेतकऱ्याला ही जमीन नकोशी वाटते, कारण अशा मातीतील लोह पिकाला मिळत नाही आणि मोसंबीची पाने पिवळी पडतात. पूर्वीच्या घर बांधणाऱ्याला मात्र हेच खडे मोलाचे होते.

खऱ्या, थराथरांच्या चुनखडीसाठी मराठवाड्याबाहेर पाहावे लागते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी-राजूर परिसरात ती आहे, आणि राजस्थानातील जोधपूर-नागौर व मध्य प्रदेशातील कटनी हे भाग चुन्याच्या उत्पादनासाठी देशभर ओळखले जातात. खडा असो की खाणीतील दगड, त्याचा चुना होण्याची प्रक्रिया मुळात एकच आहे.

ती एका वाक्यात सांगता येते: चुनखडी पुरेशी तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, मागे राहतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली, तर ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. भट्टीतून निघालेला खडा हातात घेतल्यावर लक्षात येते की त्याचा आकार जवळपास पूर्वीइतकाच आहे, पण वजन निम्म्याच्या जवळ आले आहे. कारण वायू गेला तरी दगड आकसलेला नसतो. त्याच्या आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या पडलेल्या असतात आणि नीट भाजलेल्या खड्याच्या आकारमानाचा निम्म्याहून अधिक भाग या पोकळ्यांनीच व्यापलेला असतो. चुन्याचे पुढचे सगळे गुण, म्हणजे तो पाणी किती झपाट्याने घेतो, किती मऊ होतो, गिलाव्यात कसा वागतो, हे या पोकळ्यांवर ठरते. म्हणून माझ्या मते चुना करणे हे दगड जाळण्याचे काम म्हणून न पाहता दगडातील वायूला नीट बाहेर पडू देण्याचे काम म्हणून पाहावे. भट्टीची रचना, खड्यांचा आकार, जळणाची निवड आणि लागणारा वेळ या चारही गोष्टींचे कारण त्यातून उलगडते.

ही समज जुनी नाही. चुना हजारो वर्षे भाजला जात होता, पण कळीचा चुना इतका दाहक का होतो याविषयी युरोपातील विद्वानांचा समज असा होता की भट्टीतील अग्नीचा काही अंश दगडात शिरतो. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी वजने काटेकोरपणे करून दाखवले की भाजताना दगडात काही शिरत नाही, उलट त्याच्यातून एक वायू निघून जातो. त्यांचा प्रबंध १७५६ साली प्रसिद्ध झाला. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, त्या प्रयोगात आपण ब्लॅक यांनी शोधलेल्या वायूलाच पुन्हा चुन्याला भेटवत असतो.

आता तापमानाकडे वळू. चुनखडी फुटण्याचे तापमान साधारण ९०० अंश सेल्सिअस सांगितले जाते. हा आकडा दगडाभोवती सगळीकडे कार्बन डायऑक्साइडच भरलेला असेल त्या स्थितीतला आहे. भोवतालचा वायू वाऱ्याने सतत वाहून नेला जात असेल, तर याहून कमी तापमानालाही दगड फुटू लागतो. याउलट तोंड बंद असलेल्या भांड्यात चुनखडी तापवली, तर काही वायू सुटल्यावर आतला दाब वाढतो आणि प्रक्रिया तेथेच थांबते. भट्टीला खालून हवा आणि वरून धुराला वाट हवी, याचे एक कारण जळण पेटते राहावे हे आहे. पण दगडातून सुटलेला वायू हटवला जावा हे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे.

खड्याच्या आत काय चालते हे समजले की कारागिराची अडचण कळते. उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे चुना होण्याची सुरुवात पृष्ठभागावर होते आणि ती सीमा हळूहळू गाभ्याकडे सरकते. मात्र बाहेर तयार झालेला चुन्याचा थर सच्छिद्र असल्याने उष्णतेचा वाईट वाहक असतो. आत उष्णता पोहोचणे त्यामुळे कठीण होत जाते आणि आत सुटलेल्या वायूलाही त्याच थरातून बाहेर यावे लागते. खडा जितका मोठा, तितका हा प्रवास लांब. घाई करून आच वाढवली, तर फार तापलेल्या तव्यावरच्या भाकरीसारखी गत होते: वरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणूनच प्रत्यक्षात भट्टीचे तापमान १००० ते १२०० अंशांच्या दरम्यान ठेवून वेळ वाढवला जातो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका भट्टीत शक्य तितक्या सारख्या आकाराचे खडे भरले जातात. लहानमोठे मिसळून भरले तर बारीक खडे जळतात, मोठे कच्चे राहतात आणि चुरा मधल्या फटी बुजवून हवेची वाट अडवतो. दगड फोडणे आणि चाळणे हे काम वरवर किरकोळ वाटते, पण चुन्याचा दर्जा निम्मा तेथेच ठरतो.

जुनी भट्टी साधी असे. दगडविटांचा गोल हौद, शक्यतो उताराला टेकून बांधलेला, म्हणजे वरच्या बाजूने माल टाकता येतो आणि खालच्या तोंडातून काढता येतो. त्यात जळणाचा एक थर आणि चुनखडीचा एक थर असे आळीपाळीने रचत जायचे, खालून पेटवायचे आणि भट्टी शांत झाल्यावर माल बाहेर काढायचा. महाराष्ट्रात हे काम पूर्वी प्रामुख्याने लोणारी समाजातील कारागीर करीत. जळणासाठी लाकूड, कोळसा, गोवऱ्या असे जे जवळ मिळेल ते वापरले जाई. लाकडाची ज्योत लांब असते आणि तिची उष्णता पसरून लागते, त्यामुळे लाकडावर भाजलेला चुना सहसा मऊ निघतो. दगडी कोळशाची उष्णता एका जागी साठते आणि त्याची राख खड्यांना चिकटते, म्हणून कोळशावर भाजताना अधिक लक्ष ठेवावे लागते.

अशा भट्टीचा मोठा दोष म्हणजे प्रत्येक खेपेला ती थंड होते आणि पुन्हा सगळी तापवावी लागते. अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीत हे टळते. तिच्यात माल वरून सतत टाकला जातो आणि खालून सतत काढला जातो. दगड खाली उतरतो आणि गरम वायू वर चढतात. वरच्या भागात येणारा थंड दगड बाहेर जाणाऱ्या धुरानेच तापतो, मधल्या भागात तो प्रत्यक्ष भाजला जातो आणि खालच्या भागात तयार चुना आत येणाऱ्या हवेला आपली उष्णता देऊन थंड होतो. त्यामुळे जळणासाठी लागणारी हवा तापूनच मधल्या भागात पोहोचते. मोठ्या कारखान्यांत याच कल्पनेचा विस्तार करून दोन उभ्या भट्ट्या जोडलेल्या असतात. एकीत जाळ चालू असताना तिचा गरम धूर दुसरीतील दगड तापवतो आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी दोघींची कामे बदलतात. बारीक दगड असेल तर आडवी, किंचित कललेली, फिरती भट्टी वापरतात. तिच्यात माल एकसारखा भाजला जातो, पण इंधन अधिक लागते.

इंधनाला एक तळमर्यादा आहे. एक टन कळीचा चुना होण्यासाठी केवळ वायू सोडवण्यालाच सुमारे ३२ लाख किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे मध्यम प्रतीचा दगडी कोळसा १७० किलोच्या आसपास. भट्टी कितीही सुधारली तरी यापेक्षा खाली जाता येत नाही. चांगली दुहेरी भट्टी या मर्यादेच्या बरीच जवळ जाते. गावठी भट्टीची बहुतांश उष्णता भिंतीतून आणि धुरातून निघून जाते.

भाजणी चुकल्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. कमी भाजलेल्या खड्याच्या गाभ्यात चुनखडी तशीच राहते. तो खडा पाण्यात टाकला की बाहेरचा भाग फुटून पीठ होतो आणि आतला दगड हाती येतो. नुकसान होते, पण ते दिसते आणि चाळून दूर करता येते. जास्त भाजलेला चुना अधिक घातक असतो. प्रमाणाबाहेर तापमान गेले की चुन्याचे कण एकमेकांना चिकटू लागतात, पोकळ्या बुजतात आणि खडा आकसून जड होतो. असा कण पाणी घ्यायला इतका वेळ लावतो की चुना भिजवून, मळून, भिंतीवर चढवून झाला तरी तो आत कोरडाच असतो. पुढे काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, हवेतील ओल त्याच्यापर्यंत पोहोचते, तो फुगतो आणि गिलाव्याचा तुकडा उडवून देतो. भिंतीवर बारीक खड्डे पडलेले आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, तर दोष बहुधा गवंड्याचा नसून भट्टीचा किंवा अपुऱ्या भिजवणीचा असतो.

ओळख साधी आहे. चांगला खडा हाताला हलका लागतो, पाणी शिंपडल्यावर काही क्षणांतच सुसू आवाज करीत तडकतो आणि वाफ सोडतो. भिजवून झालेल्या चुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर भरपूर फेस आला, तर त्यात न भाजलेली चुनखडी शिल्लक आहे, किंवा तो जुना होऊन हवेतील वायू पिऊन बसला आहे.

कळीचा चुना तसाच वापरता येत नाही. त्याला पाणी देऊन विरवावे लागते. एक किलो शुद्ध कळीचा चुना सुमारे ३२० ग्रॅम पाणी आपल्या रचनेत घेतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनतो. या वेळी सुटणारी उष्णता साडेतीन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. भट्टीत चुनखडीला जी उष्णता दिली, तिचा सुमारे तिसरा हिस्सा येथे परत मिळतो. खडा फुगतो, फुटतो आणि त्याची बारीक फक्की होते. पाणी मोजूनमापून दिले तर कोरडी फक्की मिळते, जी पिशव्यांत भरून विकली जाते; पाणी भरपूर दिले तर लोण्यासारखा ओला चुना मिळतो. ओला चुना पाण्याखाली झाकून ठेवला की त्याचे कण आणखी बारीक होत जातात आणि उशिरा विरणाऱ्या कणांनाही वेळ मिळतो, म्हणून जुने गवंडी मुरवलेल्या चुन्याचा आग्रह धरीत. तो आग्रह शास्त्राला धरून होता.

येथे सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. चुना विरवताना उकळते थेंब उडतात आणि ओल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. डोळ्यात गेल्यास बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. पान-तंबाखूच्या चुन्याची पुडीसुद्धा लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. डोळ्यात चुना गेलाच तर कण काढून टाकत ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. भट्टीच्या बाबतीत धोका वेगळा आहे: बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असून त्याला वास नसतो, त्यामुळे तो भट्टीच्या तोंडाशी व खोलगट जागी साचतो. थंडीच्या रात्री उबेसाठी भट्टीजवळ झोपणे जिवावर बेतू शकते.

विरवलेल्या चुन्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरकी, घालून तो चुन्याच्या घाण्यात मळला जाई. गोल चरातून बैलांनी ओढलेले दगडी चाक फिरत असे. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर अशा घाण्यांचे अवशेष अजून दिसतात. काही ठिकाणी गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणीही मिसळले जाई. भिंतीवर चढलेला चुना मग हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीने जे काढून घेतले ते हवा परत देते. ही क्रिया पृष्ठभागावर लवकर आणि जाड भिंतीच्या पोटात फार सावकाश घडते, आणि तिला ओलही लागते. म्हणून नवा गिलावा कडक उन्हात वाळू न देता काही दिवस दमट ठेवावा लागतो. छत्रपती संभाजीनगरातील सतराव्या शतकातील बीबी का मकबऱ्यात संगमरवर मोजक्याच भागांत आहे. उरलेल्या इमारतीचे रूप बव्हंशी गिलाव्याने उभे केलेले आहे.

परंतु शुद्ध चुन्याची एक मर्यादा येथेच दिसते: हवा मिळाली नाही तर तो घट्ट होत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर घातलेल्या बंधाऱ्यासारख्या, पाण्याला टेकून असलेल्या जाड बांधकामाला असा चुना एकटा पुरेसा नसतो. तेथे सुरकी मिसळावी लागते, किंवा मुळातच माती असलेल्या दगडाचा चुना वापरावा लागतो. आपल्या काळ्या मातीतील कंकर नेमका असा आहे. त्यातील चिकणमातीमधील सिलिका आणि ॲल्युमिना भाजताना चुन्याशी संयोग पावतात आणि मिळालेला चुना पाण्याच्या सान्निध्यातही घट्ट होतो. तो पांढराशुभ्र नसतो, करडा असतो. कमी फुगतो, सावकाश विरतो, पण पकड अधिक देतो. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग केलेले असून त्यातील ‘ई’ वर्ग कंकराच्या चुन्यासाठी आहे. कंकर भाजताना आच मात्र सांभाळावी लागते, कारण जास्त तापल्यास त्यातील माती आणि चुना वितळून खंगर, म्हणजे निरुपयोगी कठीण गोळा, होतो. तसेच खड्यांना चिकटलेली काळी माती आधी धुवून काढावी लागते, अन्यथा ती भट्टीत अतिरिक्त भेसळ ठरते.

आजच्या मराठवाड्यात चुन्याचा मोठा वापर भिंतींसाठी होत नाही. तो साखर कारखान्यांत होतो. उसाचा ताजा रस आम्लधर्मी आणि गढूळ असतो. त्यात चुन्याचे दूध सोडले की आम्लता कमी होते आणि सोबत सोडलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे बनणारा साका गाळ खाली बसवतो. टनभर उसामागे साधारण दोन किलोच्या आसपास चुना लागतो, आणि हंगामात लाखो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही. येथे कंकराचा चुना चालत नाही. सिलिका आणि मॅग्नेशियम कमी असलेला, झटपट विरणारा, वाळूचे कण नसलेला चुना लागतो, कारण रसात गेलेली अशुद्धता पुढे तापवणाऱ्या नळ्यांत कठीण थर होऊन बसते. बांधकामाला जो गुण हवा, तोच येथे दोष ठरतो.

पर्यावरणाचा हिशेबही याच रसायनातून निघतो. एक टन कळीच्या चुन्यामागे दगडातूनच सुमारे ७८५ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोळशाऐवजी अन्य इंधन वापरले तरी हा भाग कमी होत नाही, कमी होतो तो केवळ इंधनाचा धूर. गिलाव्यात वापरलेला चुना त्यातील बराचसा वायू वर्षानुवर्षे परत घेतो. सोडा ॲशच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, कारखान्यांत भट्टीतील चुना आणि वायू हे दोन्ही प्रक्रियेतच वापरले जातात, ही व्यवस्था खरोखर विचारपूर्वक केलेली आहे.

जुना वाडा दुरुस्त करू इच्छिणाऱ्यांनी यातून एवढे ध्यानात ठेवावे की ओल धरलेल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा थर चढवला तर आतली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि कालांतराने तो थर जुन्या चुन्याला घेऊनच सुटतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा करावा. कळीचा चुना घेताना खडे घ्यावेत, आपसूक पीठ झालेला माल टाळावा, कारण तो हवेतील ओल आणि वायू आधीच घेऊन बसलेला असू शकतो. आणलेला माल पावसापासून व लाकडी सामानापासून दूर ठेवावा. ओल लागल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेने आग लागू शकते. विरवलेला चुना बारीक चाळणीतून गाळून, वर पाण्याचा थर ठेवून किमान दोन-तीन आठवडे मुरू द्यावा. चाळणीवर राहिलेले खडे पुन्हा चुन्यात कुटून मिसळू नयेत. ते कच्चे असतील किंवा जळालेले, दोन्ही प्रकारे भिंतीसाठी निरुपयोगी आहेत.